मॉर्फिनची सवय, विथड्रॉवल आणि संवेदीकरण: एकाच मेंदूत तिन्ही कसे नांदतात?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. उंदराला रोज मॉर्फिन दिले की त्याचा वेदनाशामक परिणाम हळूहळू घटतो आणि औषध बंद केल्यावर विथड्रॉवलची, म्हणजे औषध तुटल्याने होणाऱ्या त्रासाची, लक्षणे उमटतात. तरीही त्याच औषधाने होणारी धावपळ मात्र दर खेपेस वाढत जाते, आणि यालाच संवेदीकरण म्हणतात. मग मेंदू औषधाला सरावतो असे म्हणायचे, की त्याच्याबाबत अधिक हळवा होतो असे? विथड्रॉवल म्हणजे नॉरॲड्रेनॅलिन या मेंदूतल्या संदेशवाहक द्रव्याचा अतिरेक, हे पाठ्यपुस्तकातले उत्तर पुरेसे आहे का? आणि विथड्रॉवल व संवेदीकरण या दोन्ही गोष्टी एकाच प्राण्यात मोजता येतात का?

आधी थेट उत्तर देतो. सरावणे आणि हळवे होणे या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण त्या मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या वेगाने आणि बऱ्याच अंशी वेगवेगळ्या रेणूंमार्फत घडतात. त्यांतली कोणती वरचढ ठरणार हे एकूण किती मॉर्फिन दिले यापेक्षा ते कोणत्या लयीत दिले यावर अधिक अवलंबून असते. नॉरॲड्रेनॅलिनचे उत्तर चुकीचे नाही, पण ते ज्या केंद्राच्या नावावर मांडले जाते तिथे आता त्याला फारसा आधार उरलेला नाही.

सुरुवात पेशीपासून करू. मॉर्फिन प्रामुख्याने म्यू ओपिऑइड रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या औषध पकडणाऱ्या प्रथिनावर, काम करते. फ्रान्समधील गटाने 1996 मध्ये हा रिसेप्टर नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा मॉर्फिनची वेदनाशामकता, त्याचे सुख आणि त्याचे विथड्रॉवल या तिन्ही गोष्टी एकदमच नाहीशा झाल्या. म्हणजे प्रवेशद्वार एकच आहे, वाटा पुढे फुटतात. हा रिसेप्टर निरोप आत पोचवणाऱ्या जी-प्रथिनांमार्फत, सायक्लिक एएमपी हा पेशीतला संदेश-रेणू बनवणाऱ्या ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला आवर घालतो, पोटॅशियमचे मार्ग उघडतो आणि कॅल्शियमचे मार्ग आखडतो. परिणामी पेशी शांत होते आणि तिच्या टोकाशी होणारे संदेशवाहक द्रव्यांचे स्रवणही घटते. शर्मा, क्ली आणि नायरेनबर्ग यांनी 1975 मध्ये पेशीसंवर्धनात दाखवले की मॉर्फिन बराच काळ राहिले तर दबलेले हे विकर पुन्हा पूर्वपदावर येते आणि मॉर्फिन काढून घेतले की ते मूळ पातळीच्याही वर उसळते. त्या पेशींवर म्यू नव्हे तर डेल्टा जातीचे रिसेप्टर होते, हे सहसा कोणी आवर्जून सांगत नाही. तरीही तत्त्व टिकून राहिले: औषधाच्या दाबाविरुद्ध पेशीने जी यंत्रणा वाढवून ठेवलेली असते, ती औषध गेल्यावर उघडी पडते. सायक्लिक एएमपीची ही उसळी, तिच्यामागून सक्रिय होणारे प्रोटीन कायनेज ए आणि जनुकांचे वाचन बदलणारे क्रेब हे प्रथिन, एवढ्यावर या विषयाचे पुढचे कित्येक शोधनिबंध उभे आहेत. क्रेबचे दोन प्रमुख प्रकार नसलेल्या उंदरांमध्ये विथड्रॉवल बरेच सौम्य होते, हे माल्डोनाडो यांच्या गटाने 1996 मध्ये दाखवले. मात्र त्या उंदरांत हा बदल सर्व शरीरभर केलेला होता, त्यामुळे नेमक्या कोणत्या पेशींतले क्रेब महत्त्वाचे, हे त्या प्रयोगावरून ठरत नाही.

आता लोकस सेरुलियसकडे वळू. मेंदूच्या देठात असलेला हा छोटासा पुंजका मेंदूच्या बऱ्याच भागांना नॉरॲड्रेनॅलिन पुरवतो. जॉर्ज अघाजानियन यांनी 1978 मध्ये उंदरांच्या या पेशींतून विद्युतनोंदी घेतल्या. मॉर्फिनने त्या पेशी मंदावत होत्या, सतत मॉर्फिन मिळाल्यावर त्यांचा वेग पुन्हा पूर्ववत होत होता, आणि ओपिऑइड रिसेप्टर रोखणारे नॅलोक्सोन देताच तो सामान्य पातळीच्या कितीतरी वर जात होता. नॉरॲड्रेनॅलिनचे स्रवण घटवणाऱ्या क्लोनिडिनने तो वेग खाली येत होता. त्याच वर्षी गोल्ड, रेडमंड आणि क्लेबर यांनी ओपिऑइडवर अवलंबून असलेल्या रुग्णांना क्लोनिडिन देऊन त्यांचा त्रास कमी होत असल्याचे प्रसिद्ध केले. प्राण्यातली नोंद आणि रुग्णातला गुण इतक्या लगोलग जुळणे आमच्या क्षेत्रात विरळाच, आणि म्हणूनच ‘लोकस सेरुलियस म्हणजे विथड्रॉवलचे केंद्र’ ही समजूत घट्ट बसली. त्याच कुळातले लोफेक्सिडिन 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने विथड्रॉवलसाठी मंजूर केले.

या समजुतीला पुढे अनेक तडे गेले. रासमुसेन आणि अघाजानियन यांनीच 1989 मध्ये दाखवले की ग्लुटामेट या चेतवणाऱ्या संदेशवाहकाचे रिसेप्टर रोखले तर या पेशींची विथड्रॉवलमधली उसळी बऱ्याच प्रमाणात ओसरते. याचा अर्थ ती उसळी मोठ्या प्रमाणात बाहेरून, देठातल्याच पॅराजायगँटोसेल्युलॅरिस या केंद्राकडून येणाऱ्या ग्लुटामेटमुळे असते आणि पेशीच्या आतल्या बदलांचा वाटा त्याच्या जोडीचा असतो. माल्डोनाडो, स्टिनस, गोल्ड आणि कूब यांनी 1992 मध्ये नॅलोक्सोनच्याच कुळातले, पण मेंदूत सहज न पसरणारे मेथिलनॅलोक्सोनियम वेगवेगळ्या भागांत टोचले, तेव्हा शारीरिक लक्षणे सर्वांत तीव्रपणे लोकस सेरुलियसमधूनच उमटली. इथवर समजूत शाबूत होती. पण 1999 मध्ये काये आणि सहकाऱ्यांनी या पुंजक्यातल्या नॉरॲड्रेनॅलिनच्या पेशी जवळजवळ पूर्णपणे नष्ट करून पाहिल्या, तर विथड्रॉवल जसेच्या तसे राहिले. क्लोनिडिनचा गुणसुद्धा तसाच राहिला. माझ्या दृष्टीने या वादातला हा सर्वांत निर्णायक प्रयोग आहे, आणि तो पाठ्यपुस्तकांत अजूनही अभावानेच दिसतो. एखादे केंद्र चेतवल्यावर लक्षण उमटते म्हणजे त्या लक्षणाला ते केंद्र लागतेच, असा निष्कर्ष निघत नाही.

मग नॉरॲड्रेनॅलिनचे काय? ते गुंतलेले आहेच, पण बरेचसे दुसऱ्या वाटेने. डेल्फ्स, ॲस्टन-जोन्स आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवले की देठाच्या खालच्या भागातील नॉरॲड्रेनॅलिनच्या पेशींकडून निघून मेंदूच्या पुढच्या-तळच्या भागाकडे, विशेषतः बेड न्यूक्लियस ऑफ द स्ट्रिया टर्मिनॅलिस या ताणाशी निगडित केंद्राकडे जाणारा मार्ग तोडला, किंवा तिथे नॉरॲड्रेनॅलिनचे बीटा रिसेप्टर रोखणारे औषध टोचले, तर विथड्रॉवलमधली नकोशी अवस्था मोठ्या प्रमाणात नाहीशी होते. लोकस सेरुलियसकडून वर जाणारा मार्ग तोडल्याने तसे होत नाही.

इथे एक भेद करावाच लागतो. विथड्रॉवलला दोन बाजू असतात: शरीराची आणि मनाची. नॅलोक्सोनची सुई दिल्यावर काही मिनिटांतच मॉर्फिनला सरावलेला रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) भिजलेल्या कुत्र्यासारखे सर्वांग झटकू लागतो, दात वाजवतो, पापण्या अर्धवट मिटतो, लाळ गाळतो, त्याला जुलाब होतात आणि पुढच्या तासाभरात वजन लक्षात येण्याइतके उतरते. छोट्या जातीचा उंदीर काचेच्या नळकांड्यातून सरळ वर उड्या मारत राहतो. गुणपत्रिका हातात घेऊन बसणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्लासिग आणि सहकाऱ्यांनी 1973 मध्येच दाखवले होते की विथड्रॉवल सौम्य असताना अंग झटकणे ठळक दिसते, पण तीव्रता वाढली की उड्या आणि पळून जाण्याची धडपड वरचढ होते आणि अंग झटकणे उलट कमी होते. ज्या संशोधकाने केवळ अंग झटकण्याची संख्या मोजली, त्याला सर्वांत गंभीर प्राणी सर्वांत बरा वाटण्याची शक्यता असते. एका लक्षणावर बेतलेल्या ‘औषधाने विथड्रॉवल निम्मे झाले’ अशा विधानांकडे मी म्हणूनच संशयाने पाहतो.

मनाची बाजू मोजायला वेगळी पद्धत लागते. उंदराला विथड्रॉवलचा अनुभव एका विशिष्ट कप्प्यात दिला जातो आणि नंतर, औषधाविना, तो त्या कप्प्यापासून किती दूर राहतो हे पाहिले जाते. या कसोटीत नॅलोक्सोनची जी मात्रा पुरते, ती शरीराची लक्षणे दिसण्यासाठी लागणाऱ्या मात्रेपेक्षा बरीच कमी असते. अंग झटकणे सुरूही झालेले नसते आणि प्राणी त्या जागेचा तिटकारा शिकून मोकळा झालेला असतो. स्टिनस, ल मोआल आणि कूब यांनी 1990 मध्ये दाखवल्याप्रमाणे ही नकोशी अवस्था न्यूक्लियस अक्युम्बेन्स या सुख-प्रेरणेशी निगडित केंद्रात ओपिऑइड रिसेप्टर रोखल्यावर विशेष सहजपणे उमटते, आणि भीती-भावनांशी निगडित अमिग्डलाचाही तिच्यात वाटा आहे. क्लोनिडिन घेतलेल्या रुग्णाचा घाम, जुलाब आणि अंगाची थरथर कमी होते पण बेचैनी आणि ओढ मागे राहते, याची संगती या विभागणीतून लागते.

अक्युम्बेन्समध्ये नेमके काय घडते? मायक्रोडायलिसिसच्या तंत्राने, म्हणजे मेंदूत बारीक नळी बसवून पेशींबाहेरचा द्रव तपासून, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक गटांनी एकच गोष्ट पाहिली: विथड्रॉवलमध्ये तिथले डोपामिन, म्हणजे प्रेरणेशी निगडित संदेशवाहक द्रव्य, मूळ पातळीच्या खाली जाते. ॲसिटिलकोलिन मात्र वाढते. डोपामिनच्या पेशी राहतात मध्यमेंदूतल्या व्हेन्ट्रल टेगमेंटल भागात. मॉर्फिन त्यांच्यावर थेट काम न करता त्यांना दाबून ठेवणाऱ्या, गाबा हे शांत करणारे द्रव्य सोडणाऱ्या पेशींना गप्प करते, हे जॉन्सन आणि नॉर्थ यांनी 1992 मध्ये दाखवले. दीर्घकाळ मॉर्फिन दिल्यावर ते काढून घेतले की याच गाबाचे स्रवण उसळते आणि डोपामिनच्या पेशी अधिकच दबतात. बोन्ची आणि विल्यम्स यांनी 1997 मध्ये या उसळीमागे वर सांगितलेला सायक्लिक एएमपीचा मार्गच असल्याचे नोंदवले. म्हणजे पेशीतली तीच युक्ती देठात आणि इथे वापरली गेली आहे, फक्त इथे तिचा परिणाम डोपामिन आटण्यात होतो. त्याच्या जोडीला दोन गोष्टी येतात. अक्युम्बेन्समध्ये क्रेबमुळे डायनॉर्फिन हे मेंदूचे स्वतःचे ओपिऑइड वाढते आणि ते कॅपा रिसेप्टरमार्फत डोपामिनला आणखी आवर घालते. अमिग्डलामध्ये ताणाशी निगडित कॉर्टिकोट्रॉपिन-रिलीजिंग फॅक्टर सक्रिय होतो, आणि तिथे त्याला रोखले तर जागेचा तिटकारा सौम्य होतो. 2016 मध्ये झू आणि सहकाऱ्यांनी यात थॅलॅमसच्या पॅराव्हेन्ट्रिक्युलर केंद्राकडून अक्युम्बेन्सकडे येणाऱ्या ग्लुटामेटच्या मार्गाची भर घातली. तो मार्ग दाबला की विथड्रॉवलचा त्रास घटला.

आता संवेदीकरण, म्हणजेच सेन्सिटायझेशन. मॉर्फिन काही दिवसांच्या अंतराने देत गेल्यास त्याच मात्रेने होणारी धावपळ वाढत जाते, आणि मध्ये कित्येक आठवडे गेले तरी ती वाढ टिकून राहते. इथे पहिली सावधगिरी अशी की रॅटमध्ये मॉर्फिनचा परिणाम दुहेरी असतो. मोठ्या मात्रेने प्राणी आधी ताठर, सुस्त होतो आणि काही तासांनी चळवळ्या होतो. वारंवार दिल्यावर सुस्ती घटते आणि धावपळ लवकर सुरू होते. पहिल्या तासातच मोजमाप थांबवले तर वाढलेली हालचाल खरे संवेदीकरण आहे की सुस्तीला आलेला सराव आहे, हे सांगता येत नाही. म्हणूनच मॉर्फिन थेट व्हेन्ट्रल टेगमेंटल भागात टोचणारे प्रयोग महत्त्वाचे ठरले. तिथे सुस्ती येत नाही, पहिल्याच सुईला धावपळ होते आणि पुढच्या सुयांना ती वाढते. व्हेझिना आणि स्टुअर्ट यांनी 1984 मध्ये यात आणखी एक गोष्ट दाखवली. ज्या जागी मॉर्फिन मिळाले त्याच जागी वाढलेली धावपळ दिसते, अनोळखी जागी ती दिसत नाही. म्हणजे रसायनाच्या जोडीला शिकणेही आहे.

यामागचा रेणवीय पुरावा मुख्यतः ग्लुटामेटच्या बाजूने जातो. वारंवार मॉर्फिन दिल्यावर व्हेन्ट्रल टेगमेंटल भागात ग्लुटामेटच्या एएमपीए रिसेप्टरचा ग्लुआर-1 हा घटक वाढतो. कार्लेझॉन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये विषाणूच्या मदतीने हाच घटक तिथे कृत्रिमरीत्या वाढवला, तर पूर्वी काहीही न मिळालेला प्राणी संवेदीकरण झालेल्या प्राण्यासारखा वागू लागला. 2003 मध्ये बोन्ची आणि मालेंका यांच्या गटाने दाखवले की मॉर्फिनच्या एका मात्रेनेसुद्धा डोपामिनच्या पेशींवरील ग्लुटामेटचे जोड बळकट होतात, आणि कोकेन, ॲम्फेटामिन, निकोटिन, मद्य किंवा नुसता तीव्र ताणही तेच करतो. अक्युम्बेन्समध्ये चित्र सरळ नाही. कादोनी आणि डी कियारा यांनी 1999 मध्ये पाहिले की संवेदीकरण झालेल्या रॅटमध्ये डोपामिनचा प्रतिसाद अक्युम्बेन्सच्या गाभ्यात वाढतो आणि कवचात घटतो. ‘डोपामिन वाढते’ असे सरसकट विधान करणाऱ्याने नळी नेमकी कुठे होती हे विचारले पाहिजे. रॉबिन्सन आणि कोल्ब यांनी 1999 मध्ये नोंदवलेली गोष्ट तर अधिकच बुचकळ्यात टाकते: ॲम्फेटामिनने अक्युम्बेन्समधल्या पेशींच्या फांद्यांवरचे काटे (जिथे इतर पेशींचे जोड बसतात ते सूक्ष्म उंचवटे) वाढतात, मॉर्फिनने कमी होतात, आणि तरी दोन्ही औषधांनी संवेदीकरण होते. काट्यांच्या संख्येवरून वागणुकीचा अर्थ लावण्याचा मोह म्हणूनच आवरावा.

डोपामिनवर सगळा भार टाकू नये याची दुसरीही कारणे आहेत. अक्युम्बेन्समधले डोपामिनचे तंतू नष्ट केल्यावर उंदीर स्वतःहून कोकेन घेणे बरेच कमी करतात, पण हेरॉइन घेणे चालूच ठेवतात, हे 1984 चे निरीक्षण आहे. डोपामिन बनवूच न शकणारे उंदीरही मॉर्फिन मिळालेल्या जागेची आवड शिकतात, असे पाल्मिटर यांच्या गटाने 2005 मध्ये दाखवले. डोपामिन हा धावपळीचा मुख्य धागा आहे, ओपिऑइडच्या सुखाचा एकमेव धागा नाही.

सराव, अवलंबित्व आणि संवेदीकरण हे एकाच प्रक्रियेचे तीन टप्पे नाहीत याचा सर्वांत स्वच्छ पुरावा बोन आणि करॉन यांच्या 2000 मधल्या प्रयोगातून मिळतो. रिसेप्टरचा प्रतिसाद आवरणारे बीटा-अरेस्टिन-2 हे प्रथिन नसलेल्या उंदरांमध्ये मॉर्फिनच्या वेदनाशामक गुणाला सराव येत नाही, पण नॅलोक्सोन दिल्यावर विथड्रॉवल नेहमीसारखेच होते.

आता मी सुरुवातीला म्हटलेल्या लयीकडे येतो. वांडरशूरेन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दोन प्रकारची वेळापत्रके ताडून पाहिली, तेव्हा खंड पाडून दिलेल्या मॉर्फिननंतर दीर्घकाळ टिकणारे संवेदीकरण दिसले, तर चढत्या मात्रांच्या दाट वेळापत्रकानंतर ते तसे दिसले नाही. यावरून बऱ्याच जणांनी असा अर्थ काढला की विथड्रॉवल संवेदीकरणाला झाकून टाकते. रॉथवेल, गेविर्त्झ आणि थॉमस यांनी 2010 मध्ये याच्या नेमके उलट बाजूने विचार केला. दर मात्रेनंतर औषध उतरताना प्राण्याला एक छोटे विथड्रॉवल भोगावे लागते. तीच घटना संवेदीकरण घडवत असेल तर? त्यांनी हे खंड कृत्रिमरीत्या निर्माण केले आणि संवेदीकरण वाढले. याच दिशेने 2020 मध्ये ल फेव्हर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना त्वचेखालच्या पंपातून अखंड मॉर्फिन दिले आणि त्यांतल्या काहींना रोज नॅलोक्सोनने खंड पाडला. अखंड मॉर्फिन मिळालेल्या गटात धावपळीला सराव आला आणि खंड पडलेल्या गटात संवेदीकरण झाले. पंपातून मिळालेले मॉर्फिन दोन्हींत सारखेच होते. माझ्या मते विचारलेल्या प्रश्नाचे सार याच निष्कर्षात आहे. विथड्रॉवल आणि संवेदीकरण ही तराजूची दोन पारडी नसून, पहिले वारंवार घडणे हे दुसऱ्याच्या जडणघडणीतले एक कारण असू शकते.

ग्लुटामेटचा एनएमडीए रिसेप्टर रोखणाऱ्या एमके-801 बद्दल दोन वाक्ये पुरतील. त्रुहियो आणि अकिल यांनी 1991 मध्ये या औषधाने मॉर्फिनचा सराव आणि अवलंबित्व दोन्ही रोखले जातात असे दाखवले, आणि ग्लुटामेटच्या भूमिकेचा हा महत्त्वाचा पुरावा आहे. संवेदीकरणाच्या प्रयोगांत मात्र ते गोंधळ घालते, कारण ते स्वतःच धावपळ वाढवते आणि त्याच्या अमलाखाली शिकलेली गोष्ट त्याच्याविना आठवेलच याची खात्री नसते.

उरला शेवटचा प्रश्न, एकाच प्राण्यात दोन्ही मोजण्याचा. ते शक्य आहे, पण वरचे प्रयोग ध्यानात घेता विथड्रॉवल मोजण्यासाठी दिलेली नॅलोक्सोनची सुई हीच संवेदीकरणात ढवळाढवळ करते. त्यामुळे विथड्रॉवल मोजायचा गट आणि धावपळ मोजायचा गट वेगळे ठेवावेत, आणि शक्य असेल तर नॅलोक्सोनशिवाय, औषध आपोआप उतरू देऊन पाहिलेला तिसरा गटही ठेवावा. आपोआप येणारे विथड्रॉवल संथ आणि सौम्य असते, एकेका तासाने वजन व लक्षणे नोंदवावी लागतात, आणि हे काम कंटाळवाणे आहे. तरी माणसाच्या अनुभवाशी त्याचेच साम्य अधिक आहे. संवेदीकरणाची अंतिम कसोटी विथड्रॉवलच्या पहिल्या एक-दोन दिवसांत घेऊ नये, कारण तेव्हा डोपामिन आटलेले असते आणि असलेली वाढही झाकली जाते. आठवडाभर किंवा त्याहून अधिक थांबून, औषध जिथे मिळाले त्याच पिंजऱ्यात आणि एकदा अनोळखी पिंजऱ्यातही, लहान मात्रेने ती घ्यावी. मूळ मात्रेला सुस्ती येत असेल तर नोंद किमान तीन-चार तास चालू ठेवावी. कोणताही शोधनिबंध वाचतानाही मी निष्कर्षाआधी पद्धतीच्या भागात मॉर्फिनचे वेळापत्रक, नॅलोक्सोनची मात्रा आणि शेवटच्या सुईपासून कसोटीपर्यंतचे दिवस पाहतो. परस्परविरोधी भासणाऱ्या निबंधांपैकी पुष्कळांचा विरोध तिथेच सुटतो.